भाचा अजून बोलत नाही? फोन इथे किती कामाचा?

ताईचा मुलगा दीड वर्षाचा झालाय, पण 'आई', 'बाबा' सोडून एकही शब्द नाही. आजी म्हणते, "मुलगे उशिराच बोलतात." आणि रात्री ताईचा मेसेज येतो: "तपासायला एखादं ॲप आहे का रे?"

घरातले 'फोनवाले' तुम्हीच, म्हणून आधी स्पष्ट सांगतो. निदान करणारं ॲप शोधत बसू नका. फोनवर होते ती फक्त चाळणी, म्हणजे स्क्रीनिंग. डॉक्टरकडे जायचं का, एवढंच ती सांगते.

एम-चॅट-आर ही अशीच एक मोफत प्रश्नावली. वय 16 ते 30 महिने, हो-नाहीचे 20 प्रश्न. हाक मारली की बघतं का, बोट दाखवून काही मागतं का, असे. स्कोअर 0 ते 2 म्हणजे धोका कमी, 3 ते 7 आला तर आणखी प्रश्न विचारायचे, 8 किंवा जास्त असेल तर थेट तपासणी. पण ही चाळणी फक्त ऑटिझमची आहे. स्कोअर 1 आला म्हणून बोलण्याची काळजी मिटत नाही. न बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासतात. "टाळी वाजवली की वळतो ना" हा पुरावा नाही, कारण काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत. ही तपासणी फोनवर होत नाही.

वयातही एक 'बग' असतो. बाळ 8 आठवडे आधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून वय धरतात. ॲपमध्ये नुसती जन्मतारीख टाकली की उगाच लाल खूण येते.

माझ्या मते फोनमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे कॅमेरा. दवाखान्यात मूल रडतं, आईला चिकटतं, आणि डॉक्टरांना खरं वागणं दिसतच नाही. घरी एक-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ काढा: एकटं खेळताना, मागून हाक मारल्यावर, काही हवं असताना. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, क्वालिटी टिकते. आणि फक्त डॉक्टरांना, फॅमिली ग्रुपवर नको. मूल ताईचं आहे, कंटेंट नाही.

आता जायचं कुठे? 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतात. पण ताईने पुढच्या फेरीची वाट बघायची नाही. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना आजच सांगायचं, किंवा जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी'ची चौकशी करायची. हे लहान मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान-वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी असावेत अशी त्याची रचना, आणि कार्यक्रमातले उपचार मोफत. गाव लांब असेल तर ई-संजीवनीवर घरूनच डॉक्टरांशी बोलता येतं, पहिला सल्ला घ्यायला ते बरं.

आजीची खरी भीती वेगळीच असते: "पोरावर शिक्का बसेल." थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. यूडीआयडी कार्डाचं काम, लागलंच तर, नंतरचं. आणि तपासणीत सगळं ठीक निघालं, तर गेली फक्त एक सकाळ. पहिल्या तीन वर्षांत मेंदू फार झपाट्याने घडतो, त्यामुळे "बघू अजून सहा महिने" हे सहा महिने दीड वर्षाच्या पोराला महाग पडतात.

तेव्हा ताईला ॲपची लिंक पाठवण्याआधी विचारा, अंगणवाडीताईंचा नंबर तिच्याकडे आहे का?