ऑक्टोबरमध्ये हरणं जातात कुठं?

पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन. अमेरिकेच्या या पट्ट्यात ऑक्टोबर मध्यावर आला की शिकाऱ्यांची एकच तक्रार ऐकू येते: हरणं संपली. ऑगस्टअखेरीला उन्हं कलताना हिरव्यागार सोयाबीनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर टोळीनं चरत असतात, रस्त्याकडेला गाडी थांबवून दुर्बिणीतून मोजावेत इतके उघड्यावर. पुढे धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो, पहिले काही दिवस बरे जातात. मग मात्र मचाणावर दिवस दिवस बसूनही खारींपलीकडे काही नजरेला पडत नाही. या सामसुमीला तिथले शिकारी ‘ऑक्टोबर लल’ म्हणतात, आणि ती खरी की भास यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतात.

हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले गेले तेव्हा या वादाला पहिल्यांदाच पुरावा मिळाला. पेनसिल्व्हेनियात २०१३पासून तिथलं राज्य विद्यापीठ आणि वन्यजीव खातं मिळून हरणं आणि जंगल यांचा एकत्र अभ्यास करत आहेत. पट्ट्यांतून येणाऱ्या नोंदी पाहिल्या तर ऑक्टोबरमध्ये नरांची चाल मंदावत नाही. उलट महिना सरतो तशी ती वाढत जाते आणि नोव्हेंबरमध्ये, माजाच्या काळात, शिगेला पोहोचते. म्हणजे हरीण जागेवर आहे, रोज चालतंय, रोज खातंय. फक्त ज्या जागी आणि ज्या वेळी माणूस त्याची वाट पाहतो, तिथं ते येत नाही.

यातला पहिला हात अन्नाचा. सोयाबीनचं पान हिरवं असेपर्यंत हरणाला त्याच्यासारखं दुसरं खाणं नाही. सप्टेंबरमध्ये पानं पिवळी पडून गळायला लागली की त्या शेतातली त्याची गोडी जाते. नेमकं त्याच सुमारास जंगलात ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, गळू लागतात. त्यातही हरणाची निवड ठरलेली आहे. पांढऱ्या ओकचं फळ कमी तुरट असतं, एका वर्षात पिकतं आणि पडल्यावर त्याच शरदात रुजायला लागतं. ते ताजं असतानाच हरणं त्यावर तुटून पडतात. लाल ओकच्या फळाला पिकायला दोन वर्षं लागतात, त्यात टॅनिन जास्त असतं. ते मागे शिल्लक राहतं आणि थंडीत कामी येतं. भरभरून फळलेल्या पांढऱ्या ओकखाली गेलं की सगळं कळतं: पाला उकरलेला, टरफलांचे तुकडे विखुरलेले, ताज्या लेंड्या आणि भुसभुशीत मातीत खुरांचे ठसे. असं झाड झोपायच्या जागेपासून शंभर पावलांवर असेल तर हरणानं उघड्या शेतात यायचं कशाला? शेताच्या बांधावर मचाण बांधलेल्या शिकाऱ्याला मात्र वाटतं की जनावर मुलूख सोडून गेलं.

दुसरं कारण नरांच्या अंगातलं. उन्हाळाभर एकत्र चरणारे नर सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल झाडाच्या खोडांवर घासून काढतात. दिवस लहान होत जातात तसा शरीरातला टेस्टोस्टेरॉन वाढतो, एकमेकांचा शेजार नकोसा होतो आणि टोळी फुटते. जे पाच नर एका शेतात दिसत होते ते आता पाच दिशांना पांगलेले असतात. शिवाय ऑक्टोबरपर्यंत हिवाळ्याची दाट लोकर अंगावर आलेली असते. दुपार उबदार असली तर हरीण सावलीत बसून रवंथ करतं आणि अंधार पडल्यावरच उठतं.

पण माझ्या मते मोठं कारण स्वतः शिकारीच आहे. सप्टेंबरपर्यंत शांत असलेल्या जंगलात अचानक माणसांची ये-जा सुरू होते. गाड्यांची दारं आपटतात, फांद्या छाटल्या जातात, कॅमेरे तपासायला कुणी ना कुणी येतच राहतं. माणूस परत गेला तरी त्याचा वास वाटेवरच्या गवतावर मागे राहतो. पोक्त नर दिवसा जिथं बसतो ती जागा पाहिली तर त्याची सावधगिरी लक्षात येते. बहुतेकदा ती डोंगरउताराच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला असते. माथ्यावरून येणारा वारा त्याच्या पाठीमागचं जग त्याच्या नाकापर्यंत पोहोचवतो आणि समोरचा सगळा उतार डोळ्यांखाली असतो. संध्याकाळी हवा गार होऊन दरीकडे वाहू लागते. वर मचाणावर बसलेल्या माणसाचा वास तेव्हा खालच्या पायवाटेवर उतरतो, आणि त्या वाटेनं येणारं हरीण पाऊल न वाजवता मागे फिरतं. शिकाऱ्याला ते आल्याचंही कळत नाही आणि गेल्याचंही. तो घरी जाऊन सांगतो, आज काही नव्हतं.

दक्षिण कॅरोलिनातल्या ब्रॉस्नन फॉरेस्टमध्ये ऑबर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हे मोजून पाहिलं. कोणत्या मचाणावर कोण, कधी बसलं याची नोंद ठेवली आणि पट्टा बांधलेल्या नरांच्या हालचालींशी ती जुळवली. एखाद्या मचाणावर माणूस बसून गेला की त्याच्या टप्प्यातली जागा नर दिवसा टाळू लागत, रात्री मात्र खुशाल तिथं फिरत. त्या जागेवरचा त्यांचा विश्वास परत यायला साधारण तीन दिवस लागत. आता दर शनिवार-रविवारी त्याच मचाणावर जाणाऱ्या, अधूनमधून कामावरून सुटल्यावर संध्याकाळीही बसणाऱ्या माणसाचा विचार करा. पहिल्या आठवड्यात तो शिकारीला जातो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हरणांनी त्याचं वेळापत्रक पाठ केलेलं असतं.

ओक्लाहोमात झालेला प्रयोग याच्या पुढचा आहे. एका भागात अडीचशे एकरांमागे एक शिकारी, दुसऱ्या भागात पंचाहत्तर एकरांमागे एक. जसजसे दिवस गेले तसतशी नरांची चाल आखडत गेली आणि शिकाऱ्यांना दिसणाऱ्या नरांचा आकडा घसरत गेला. नर मात्र आपला मुलूख सोडून गेले नव्हते. त्याच्या कितीतरी आधी मिशिगनमध्ये एक चौरस मैल जंगलाला कुंपण घालून, आतली हरणं आधीच मोजून, अनुभवी शिकाऱ्यांना आत सोडलं होतं. १९६५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हरणांना बाहेर जायला वाटच नव्हती, तरी नर नुसता नजरेस पडायलाही शिकाऱ्यांना कित्येक तास घालवावे लागले. ‘नाही दिसलं म्हणजे नाहीच’ हे गृहीत किती कच्चं आहे, ते याहून स्पष्ट कशानं दिसणार?

पेनसिल्व्हेनियातल्या पट्टा बांधलेल्या एका मादीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. एरवी ती आपल्या नेहमीच्या टापूत असे. बंदुकीचा हंगाम सुरू झाला की दिवसभर एका उभ्या, दमछाक करणाऱ्या चढावर जाऊन बसे. रात्री खाली उतरे, उजाडायच्या आत पुन्हा वर. माणूस एवढं चढून येत नाही हे तिला ठाऊक होतं. कुंपणाआडच्या वसाहतींचाही हरणं असाच आसरा घेतात. न्यू जर्सीत घरापासून ४५० फुटांच्या आत बंदुकीनं शिकार करायला मनाई आहे. तिथं राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं परसातली कोथिंबीर आणि टोमॅटो हरणांच्या तोंडून वाचवत असतात, तेव्हा पलीकडच्या रानात कुणी तरी रिकाम्या हातानं मचाणावरून उतरत असतो.

बंदुकीच्या हंगामात हे सगळं आणखी आवळलं जातं. विस्कॉन्सिनचा पारंपरिक हंगाम नऊ दिवसांचा आणि त्यातली निम्म्याच्या आसपास शिकार पहिल्या दोन दिवसांतच होते. पुढच्या दिवसांत कळपातली बेसावध हरणं कमी झालेली असतात, उरलेली शहाणी झालेली असतात आणि थंडीनं कंटाळलेले शिकारीही घरी गेलेले असतात. शिकारी रानात हिंडत नसले की हरणं उठवली जात नाहीत आणि दिसतही नाहीत. त्याच सुमारास माजावर आलेल्या मादीजवळ नर दिवसभर झाडोऱ्यात थांबून राहतो, ही आणखी एक भर.

कधी कधी मात्र हरणं खरोखरच कमी झालेली असतात. उन्हाळ्याअखेरीस चिलटांमार्फत पसरणारा रक्तस्रावी ताप एखाद्या खोऱ्यातली हरणं भराभर मारतो. २०१२च्या दुष्काळी वर्षी मध्य-पश्चिमेत याची मोठी साथ आली होती. पहिलं कडक दहिवर पडून चिलटं मरेपर्यंत ती थांबत नाही. अशा वर्षी पाणवठ्याकाठी मेलेली हरणं सापडतात, आणि ती खूण ऑक्टोबरच्या सामसुमीपेक्षा पुष्कळ वेगळी आहे.

हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण मचाणावरून केलेली मोजणी थेट राजकारणात उतरते. १९००च्या सुमाराला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणं पाच लाखांच्या आसपास उरली होती. कायद्यांनी आणि शिकाऱ्यांच्याच पैशानं ती वाचली. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाला मिळतो. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे आणि पेनसिल्व्हेनियाच्या कितीतरी जंगलांत ओकचं, मेपलचं रोप वर यायच्या आत खाल्लं जातं. तिथल्या वन्यजीव खात्यात हरणांचा विभाग सांभाळणारे जीवशास्त्रज्ञ गॅरी ऑल्ट यांनी माद्यांची शिकार वाढवायचा आग्रह धरला. २००२ साली शिंगांच्या आकाराची किमान अट आली, म्हणजे कोवळे नर वाचले. जंगलाच्या हिताचे हे निर्णय होते असं मला ठामपणे वाटतं. पण लहानपणापासून दिवसाला वीस-पंचवीस हरणं पाहिलेल्या शिकाऱ्यांना आता तीन-चार दिसू लागली, आणि ते खवळले. ऑल्ट २००४च्या अखेरीस निवृत्त झाले. हरणं काही प्रमाणात घटली होती, हे खरं. शिकाऱ्यांना जाणवलेली घट त्याहून मोठी होती, हेही खरं. त्यातला किती भाग घटीचा आणि किती हरणांच्या लपण्याचा, हे सांगायला तेव्हा गळ्यातले पट्टे फारसे नव्हते.

आता आहेत. त्यामुळे तिथले जाणते शिकारी ऑक्टोबरमध्ये शेताचा बांध सोडून फळलेल्या ओकखाली जातात. वारा अंगावर घेऊन बसता आलं नाही तर त्या दिवशी जातच नाहीत. एका मचाणावर लागोपाठ बसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत एकॉर्न संपतात, बर्फ पडतं, आणि उरलेल्या मक्याच्या शेतात हरणं दिवसाउजेडी परत दिसू लागतात. भूक तोवर भीतीपेक्षा मोठी झालेली असते.