दाराला कुलूप असलेले दालन

मुलाकडे किंवा मुलीकडे विलायतेस जाऊन येणारी माणसे आता धार-देवासकडेही दुर्मीळ राहिलेली नाहीत. अशा एखाद्या धारच्या गृहस्थांची आपण कल्पना करू. लंडनला पोचल्यावर ब्रिटिश म्युझियम पाहावयाचे, आणि त्यातही धारहून तेथे गेलेली ती शुभ्र संगमरवरी देवीची मूर्ती डोळे भरून पाहावयाची, असा त्यांचा घरून निघतानाचाच संकल्प असतो. गावी त्यांनी तिचे छायाचित्र अनेकदा पाहिलेले असते. ते संग्रहालयात जातात, विचारीत विचारीत तेहतिसाव्या दालनापर्यंत पोचतात, आणि समोर पाटी दिसते: नूतनीकरणासाठी बंद! हजारो मैलांचा प्रवास आणि आयुष्यातली बहुधा एकुलती एक संधी. अशा वेळी त्यांचे मन खट्टू झाले, तर त्यात नवल ते काय?

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी अशक्य कोटीतला नाही. चीन व दक्षिण आशियाच्या वस्तूंचे हे दालन 1992 साली सजविण्यात आले होते. पुढे ते नूतनीकरणासाठी बंद ठेवावे लागले आणि 2017 साली नव्या मांडणीसह पुन्हा खुले झाले. आता त्याच संग्रहालयाच्या पश्चिमेकडील दालनांच्या पुनर्रचनेची योजना हाती घेण्यात आली असून, तिच्यासाठी 2025 साली वास्तुशिल्पी लीना घोतमेह यांची निवड झाली आहे. म्हणजे बंद दारापुढे उभे राहण्याचा योग पुढेही अनेकांच्या वाट्यास येणार.

मग प्रश्न असा, की संग्रहालये दालने बंद करतातच कशाला? दगडाच्या मूर्तीला झीज ती कसली?

याचे उत्तर वस्तूपेक्षा वास्तूत अधिक सापडते. इमारत जुनी झाली की छप्पर गळते, विजेच्या तारा निकामी होतात, भिंतींत ओल शिरते. ओलीबरोबर क्षार दगडात झिरपतात. ओल सुकली की त्यांचे स्फटिक बनतात आणि दगडाचा पृष्ठभाग आतून फुटू लागतो. कागद, कापड व रंग यांचा शत्रू निराळाच, तो म्हणजे प्रकाश. म्हणूनच लघुचित्रांच्या दालनात आपणांस अंधुक वाटेल इतकाच उजेड ठेवतात. हवेतील आर्द्रता सतत कमी-अधिक होत राहिली, तर लाकूड तडकते. हे सारे सांभाळणारी यंत्रे भिंतींच्या व छताच्या आत असतात. ती बदलावयाची, तर भिंत उकलावीच लागते.

मूर्ती हलविणे हेही जोखमीचे काम आहे. प्रथम तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन प्रत्येक जुनी भेग व टवका नोंदवून ठेवतात, म्हणजे नवी इजा झाल्यास ती तत्काळ ध्यानात यावी. मग मऊ गाद्यांचा आधार देऊन, रुंद पट्ट्यांनी बांधून तिला उचलतात. जी शिल्पे हलविण्याजोगी नसतात, त्यांच्याभोवती जागच्या जागी पेटी उभारतात.

हा खटाटोप कशासाठी, हे आपल्या धारच्या मूर्तीवरूनच सांगता येईल. ती 1875 साली धारमध्ये सापडली आणि 1909 साली ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात गेली. तिच्या पीठावर संवत् 1091 चा, म्हणजे सुमारे इसवी सन 1034 चा, लेख आहे. अनेक वर्षे ही मूर्ती सरस्वतीची म्हणून ओळखली गेली, आणि धारमध्ये कित्येकांच्या मनात आजही तीच भावना आहे. परंतु लेखाच्या बारकाईने केलेल्या वाचनावरून अभ्यासक तिला जैन परंपरेतील अंबिका मानतात. वररुचीने आधी वाग्देवीची मूर्ती व जिनांची त्रयी करविली आणि त्यानंतर ही अंबेची मूर्ती करविली, असा त्या लेखाचा आशय ते सांगतात. मूर्ती घडविणारा मणथल, सूत्रधार सहिर याचा पुत्र, याचेही नाव त्याच लेखात आहे. झिजलेल्या अक्षरांवर समोरून झगझगीत प्रकाश टाकला, तर ती दिसेनाशी होतात. तोच बाजूने तिरपा टाकला, की छाया पडून रेषा उठून दिसतात. दिव्याची जागा बदलण्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचे महत्त्व ते हेच.

आता प्रेक्षकाने काय करावे? निघण्यापूर्वी संग्रहालयाकडे चौकशी करावी. ‘संग्रहालय उघडे आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘अमुक वस्तू सध्या प्रदर्शनात आहे का’ असे विचारावे. दालन बंद असले, तरी ती दुसऱ्या दालनात मांडलेली असू शकते. अभ्यासकांना पूर्वपरवानगीने कोठारातील वस्तू पाहू देण्याची सोयही अनेक संग्रहालयांत असते. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमची मुख्य इमारत 2003 पासून 2013 पर्यंत बंद होती. पण निवडक श्रेष्ठ चित्रे त्या काळात बाजूच्या इमारतीत पाहावयास मिळत. तेथेच रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची तपासणी 2019 पासून काचेच्या खोलीत, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत सुरू झाली. तेथे दुरुस्ती हीच प्रेक्षणीय ठरली!

आपल्याकडेही उदाहरण आहे. मुंबईत भायखळ्याचे, 1872 साली उघडलेले आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय 2003 साली जीर्णोद्धारासाठी घेतले गेले. 2008 साली ते पुन्हा उघडले, तेव्हा छतावरील नक्षी आणि सोनेरी मुलामा यांनी लोकांना चकित केले. पाच वर्षे बंद दार पाहून जे हळहळले असतील, त्यांच्या मुलाबाळांसाठीच ते दार बंद होते.

आपल्या धारच्या गृहस्थांना त्या दिवशी मूर्ती कदाचित दिसणार नाही. तथापि परत आल्यावर त्यांनी लाट मशिदीकडे अवश्य जावे. तेथे लोहस्तंभाचे तुकडे आहेत. शेकडो वर्षांचे ऊन-पाऊस सोसलेल्या त्या लोखंडाकडे पाहताना, लंडनमधले ते कुलूप कशासाठी होते, हे त्यांना अधिक उमजेल. जपणूक म्हणजे काय हे एकदा कळले, की आपल्या अंगणातील ठेव्याकडेही माणूस निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. बंद दालनाने एवढे शिकविले, तरी विलायतेची ती फेरी व्यर्थ गेली असे म्हणता येणार नाही.