फाशीच्या चौकातलं क्रियापद

बोलभाषेतल्या शब्दाची जन्मवेळ सहसा सापडत नाही. लोक तो वर्षानुवर्षं बोलत असतात, छापणारा उशिरा भेटतो. 'टू बर्क' या इंग्रजी क्रियापदाचं तसं नाही. २८ जानेवारी १८२९ रोजी एडिंबरात विल्यम बर्क या खुन्याला भर चौकात फाशी दिली, तेव्हा जमाव ओरडत होता, दोर कशाला, 'बर्क' करा त्याला! लंडनच्या 'टाइम्स'ने काही दिवसांत ही आरोळी छापली आणि कोशकारांना आयता पुरावा मिळाला.

एडिंबरा तेव्हा वैद्यकशिक्षणाचं मोठं केंद्र होतं, पण विच्छेदनासाठी कायद्याने मिळणारी प्रेतं फारच अपुरी पडत. त्यामुळे कबरी उकरणाऱ्यांचा धंदा तेजीत होता. बर्क आणि त्याचा साथीदार विल्यम हेअर यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. हेअरच्या घरातला एक म्हातारा भाडेकरू भाडं थकवून आजारानं मेला. त्याचं प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनेच्या वर्गाला साडेसात पौंडांना विकलं गेलं. भाव कळल्यावर दोघांनी वर्षभरात सोळा जणांना मारलं.

पद्धत ठरलेली. भरपूर दारू पाजायची, मग छातीवर भार टाकून नाक-तोंड दाबून धरायचं. बरगड्या हलत नाहीत, हवा आत जात नाही आणि माणूस गुदमरतो. वार नाही, गळ्यावर वळ नाही. शेवटच्या बळीचं प्रेत तपासणाऱ्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनाही खुनाचा संशय होता, खात्री देता येईना. अखेर हेअर माफीचा साक्षीदार झाला, सुटला. त्याच्या नावाचं क्रियापद मात्र झालं नाही. नॉक्सवर तर खटलाच चालला नाही.

शब्द झपाट्यानं पसरला. आठेक वर्षांत डिकन्सचे पिकविकसाहेब एका बेपत्ता माणसाबद्दल 'बर्क' झाला की काय, असं घाबरून विचारतात. वाचकाला खुलासा लागत नाही. (तो गृहस्थ सॉसेजच्या यंत्रात गेलेला असतो, ते वेगळं.) पुढे चौकशी, वादविवाद, पुस्तकंही 'बर्क' होऊ लागली. अर्थ, गाजावाजा न होऊ देता दडपून टाकणं. खुणा न ठेवणाऱ्या खुनातूनच हा अर्थ निघावा, हे मला पटतं.

१८३२च्या कायद्यानं बेवारस प्रेतं विच्छेदनासाठी मिळण्याची सोय केली आणि हा बाजार बसला. रोजच्या इंग्रजीतून 'बर्क'ही जवळपास गेला. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत मात्र 'बर्किंग' मूळ अर्थानं टिकून आहे आणि आपल्याकडचे एमबीबीएसचे विद्यार्थीही गुदमरून येणाऱ्या मृत्यूंच्या प्रकरणात ते वाचतात.