कोनफळाचा वेल आणि उलटा छाप

वनस्पतिचित्रणाच्या वर्गात पेन्सिल आणि जलरंग यांचे धडे सुरळीत पार पडतात. खरा घोटाळा छापकामाला हात घातल्यावर होतो. लिनोवर कोरलेले किंवा शिळेवर थेट काढलेले चित्र कागदावर उलटे उमटते. गुलाबाचे त्याने काही बिघडत नाही. पण कोनफळ आणि कडू करांदा यांचे वेल आधाराभोवती परस्परविरुद्ध दिशांनी चढतात, आणि ती दिशा ही ओळखीची मोठी खूण आहे. सरळ कोरलेले कोनफळ छापात करांद्यासारखे चढू लागते! पाने पाहिली तर चूक कळेल (कोनफळाची समोरासमोर, करांद्याची एकाआड एक), पण वेलावर पाने नीट पाहतो कोण? आणि रानातला करांदा नीट न शिजवता खाल्ला तर बाधतो. म्हणून ट्रेसिंग कागद पालथा घालून मगच कोरायचे.

मद्रासेत रॉबर्ट वाइट यांनी १८३८ ते १८५३ या काळात २,०००हून अधिक वनस्पतिचित्रे शिळाछापाने प्रसिद्ध केली. मूळ रेखाटने प्रामुख्याने रंगय्या आणि गोविंदू यांची. वाइट यांनी एका ऑर्किड-प्रजातीला ‘गोविंदूइया’ नाव दिले. आज ती ‘ट्रॉपिडिया’त गणतात, गोविंदू समानार्थी नावांच्या यादीत उरला आहे.