विमानतळाची कसोटी

विमानतळाची थोरवी त्याच्या इमारतीवरून ठरते, असा पुष्कळांचा समज असतो. जपानांतील ओसाका शहराजवळचा कान्साई विमानतळ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. समुद्रांत भराव घालून केलेल्या कृत्रिम बेटावर तो १९९४ सालीं सुरू झाला. प्रशस्त दालनें, सामानाची दक्षतेनें केलेली हाताळणी आणि कर्मचाऱ्यांची नम्र वागणूक यांमुळें प्रवाशांत त्याचा लौकिक झाला.

परंतु ४ सप्टेंबर २०१८ रोजीं ‘जेबी’ नांवाचें तुफान आलें. धावपट्टीवर समुद्राचें पाणी शिरलें, आणि बेटाला किनाऱ्याशीं जोडणाऱ्या एकुलत्या एक पुलावर तेलवाहू जहाज आदळलें. हजारों माणसें रात्रभर अडकून पडलीं. वीज गेली, उकाडा वाढला, खाद्यपदार्थांच्या दुकानापुढें रांगा लागल्या. हें सारें एक वेळ सोसवतें. पण सुटका केव्हां व कोणत्या वाटेनें होणार, हें कळेना. जपानी न जाणणाऱ्या परदेशीयांचे तर हालच झाले. दुसऱ्या दिवशीं बोटींतून व बसगाड्यांतून लोकांना बाहेर काढण्यांत आलें.

त्या अनुभवानंतर तेथें परदेशी प्रवाशांना माहिती देण्याच्या व्यवस्थेकडे विशेष लक्ष पुरविण्यांत आलें. संकटकाळीं प्रवाशाला समजेल अशा भाषेंत वेळेवर मिळालेलें खरें उत्तर, हीच विमानतळाची मोठी सेवा होय.