दोन शहरं आणि एक ओटी

आमच्या लहानपणी मे महिना लागला, की दापोलीच्या एस.टी. स्टँडवर दोन फेऱ्या ठरलेल्या असत. एक मुंबईच्या काकांना आणायला आणि दुसरी पुण्याच्या आत्याला आणायला. मुंबईची रातराणी भल्या पहाटे यायची. काका गाडी पुरती थांबायच्या आत फळीवरच्या पिशव्या खाली देऊ लागत आणि "चला, चला, पटापट" म्हणत. घाई कसली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. स्वारगेटची गाडी दुपारी यायची. आत्या सावकाश उतरे, सामानाचे डाग मोजी, कंडक्टरकडून राहिलेले आठ आणे मागून घेई आणि मग आमच्याकडे वळून म्हणे, "पंचवीस मिनिटं उशीर आहे गाडीला. कोणी विचारतच नाही यांना!"

दोघंही एकाच आईची लेकरं. मुरुडच्या एकाच ओटीवर रांगलेली, एकाच आगरात सुपाऱ्या वेचलेली. पण वीस वर्षांत मुंबईने एकाला आणि पुण्याने दुसरीला असं काही घडवलं होतं, की बघणाऱ्याला ती सख्खी भावंडं वाटू नयेत. आणि आम्हा पोरांचं तर विचारूच नका. रात्री ओटीवर पथाऱ्या पडल्या, की भांडण सुरू. "तुमच्याकडे लोकल आहे का?" "तुमच्याकडे पर्वती आहे का?" "तुमची दुकानं दुपारी एक ते चार झोपतात." "तुमची माणसं उभ्याने झोपतात, गाडीत!" आम्ही मुरुडची मुलं मधे पडून दोन्हीकडचं ऐकत असू. आमच्याकडे समुद्र होता, पण तो वादात घ्यायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मुंबई-पुण्याचा हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'तुम्हाला कोण व्हायचंय? मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर?' असं विचारून त्याला कायमचं हसरं रूप दिलं. गंमत अशी, की पु. ल. स्वतः १९१९ साली जन्मले मुंबईत, शिकायला काही काळ पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये होते आणि २००० साली त्यांनी डोळे मिटले तेही पुण्यात. दोन्ही शहरांना इतकं मनसोक्त चिमटे काढण्याचा अधिकार दोन्हीकडे राहिलेल्यालाच असतो.

पण हा फरक आला कुठून? मला वाटतं, तो माणसांच्या स्वभावापेक्षा घरांच्या बांधणीत आहे. मुंबई वाढली ती बंदरावर आणि गिरण्यांवर. गिरणीचा भोंगा कोणासाठी थांबत नसे, म्हणून माणूस घड्याळाला बांधला गेला. राहायला चाळीतली एक खोली. तिथे माणसं मावायची नाहीत, म्हणून निम्मा संसार गॅलरीत. दार लावायचं कोणापासून आणि कशासाठी? पुणं १८१८ पर्यंत पेशव्यांची राजधानी होतं. राज्य गेलं, पण वाडे राहिले, दिंडी दरवाजे राहिले. पुढे शाळा-कॉलेजं आली, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी आली. त्यांच्याकडे वेळ होता, मतं होती आणि दाराला कडी होती. म्हणजे मुंबईकराचं दार उघडं, पण आत बसायला जागा नाही आणि पुणेकराकडे प्रशस्त चौक, पण दारावर पाटी. दोघंही आपापल्या अडचणीला संस्कृती म्हणू लागले.

आज त्यातलं किती उरलं आहे? चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि तिथेही आता दारं बंद असतात. वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आली. हिंजवडीला जाणारा पुणेकर मुंबईकरापेक्षा जास्त वेळ गाडीत बसून काढतो आणि दुपारची झोप हरवली म्हणून हळहळतो. १ जून १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनने आणि २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने दोन शहरं इतकी जवळ आणली, की सकाळचा पुणेकर दुपारचा मुंबईकर असतो. भांडण मात्र जुन्याच शहरांच्या नावाने चालू आहे.

आम्हा मुरुडकरांना या भांडणाकडे जरा वेगळ्या ओट्यावरून बघता येतं. त्याचं कारण आमच्या गावचे धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८५८ साली आजोळी शेरवलीला झाला, पण घर मुरुडचं. 'आत्मवृत्ता'त त्यांनी पोरवयातली एक हकीकत सांगितली आहे. परीक्षेसाठी त्यांनी भर पावसात, डोंगर चढून, शंभरावर मैल चालत सातारा गाठलं. तिथे साहेबांनी त्यांच्याकडे बघून, हा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या पावली ते परत फिरले. आमच्या गावातून बाहेर पडायच्या त्या काळी दोनच वाटा होत्या. समुद्रावरून मुंबईची आणि घाटावरून देशावरची. एक वाट फसली, की माणूस दुसरी धरायचा. कर्व्यांनी मुंबईची धरली. १८८४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि शिकवण्या करत मुंबईतच राहिले. १८९१ साली त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावणं आलं.

पुढची गोष्ट दोन्ही शहरांनी मिळून लिहिलेली आहे. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं १८८९ साली मुंबईत आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. त्या सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुण्यात लग्न केलं. त्या पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि काही वर्षांत तो गावाबाहेर हिंगण्याला एका झोपडीत नेला. शहरात शिकवायचं आणि चिखल तुडवत आश्रमात जायचं, असा त्यांचा क्रम होता. १९१५ साली मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते पुण्यात सुरू केलं. विद्यापीठ चालवायला पैसा कुठला? तो आला मुंबईहून. गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि १९२० पासून त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठाणं मुंबईला गेलं. म्हणजे रमाबाईंची शाळा मुंबईहून पुण्याला आली आणि कर्व्यांचं विद्यापीठ पुण्याहून मुंबईला गेलं. हिशोब चुकता!

कर्व्यांच्या घरातही दोन्ही शहरं नांदली. थोरले रघुनाथराव मुंबईत राहिले आणि तिथून 'समाजस्वास्थ्य' चालवून लोकांचे शिव्याशाप झेलत राहिले. दिनकरराव पुण्यात फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि त्यांच्या पत्नी इरावतीबाईंनी डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवलं. यातलं कोण जास्त मुंबईकर नि कोण जास्त पुणेकर, याचा निवाडा मला तरी करता येत नाही.

आणि मुरुडने काय केलं? हेही सांगितलं पाहिजे. पुनर्विवाहानंतर मुरुडने आपल्या या मुलावर बहिष्कार टाकला. १९५८ साली तो भारतरत्न झाला आणि आज आम्ही आलेल्या पाहुण्यांना त्याचं नाव अभिमानाने सांगतो. तेव्हा शहरांना नावं ठेवताना आम्ही गावकऱ्यांनीही जरा जपून बोलावं हे बरं.

हे सगळं मला नव्याने आठवायला एक निमित्त झालं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. दुपारपर्यंत आमच्या आगरातल्या माडा-पोफळींतल्या निम्म्याहून अधिक आडव्या झाल्या होत्या. ओटीवरची कौलं उडाली, वीज कित्येक दिवस आली नाही. आजोबांनी शिंपून वाढवलेलं आगर तीन-चार तासांत गेलं. करोनाचे दिवस, येणं-जाणं बंद. थोड्याच दिवसांत एक जण जमीन विकत घ्यायचं विचारून गेला. समुद्राजवळची जागा, हॉटेल बांधायला उत्तम. सातबारावर आमच्या तिन्ही घरांची नावं आहेत. काका-आत्या आता नाहीत, म्हणून मी दोघांच्या मुलांना फोन केला.

मुंबईचा भाऊ म्हणाला, "दर चांगला आहे. भावनेत अडकू नकोस, विकून मोकळे होऊ." पुण्याची बहीण म्हणाली, "वडिलोपार्जित जमीन विकणं तत्त्वतःच चूक आहे. माझी सही मिळणार नाही." मला दोघांचाही राग आला. एकाने मला दर सांगितला, दुसरीने तत्त्व. पडलेली झाडं कोण उचलणार, ते कोणीच विचारलं नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं. "तुमचं मुंबई-पुणं तुमच्याकडे ठेवा. इथे माझ्या डोक्यावर ताडपत्री आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून पैसे आले. किती, ते सांगत नाही, पण झाडं कापून बाहेर काढायची मजुरी आणि कौलं भागून थोडे उरले. सोबत निरोप एका ओळीचा, "विकायचं नंतर बघू." त्याच संध्याकाळी पुण्याच्या बहिणीचा फोन आला. तिने पंचनाम्याला लागणाऱ्या कागदांची यादी क्रमांक घालून तयार केली होती, झाडांचे फोटो कोणत्या बाजूने काढायचे तेही लिहिलं होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात रोपांची चौकशी करून ठेवली होती. माझ्याकडून तो अर्ज सात जन्मांत पुरा झाला नसता. आणि यादी कितीही सुंदर असली, तरी मजुरांचा रोज यादीतून देता येत नाही.

हिंगण्याच्या झोपडीला पुढे मुंबईच्या गिरणीचे पैसे का लागले, ते मला त्या दिवशी कळलं. नुसत्या पैशाने विद्यापीठ उभं राहिलं नसतं आणि नुसत्या निष्ठेने ते इतकं वाढलं नसतं. या दोन शहरांना एकमेकांवाचून करमत नाही, म्हणून ती भांडतात. पण त्या दोघांनाही माणसं पुरवून रिकामी झालेली आमच्यासारखी गावं आहेत. मे महिन्यात आठ दिवस राहून वाद रंगवणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा तरी फोन करून कौलं गळतात का, एवढं विचारावं. आमचं मागणं इतकंच आहे.

जमीन अजून विकलेली नाही. पुढे काय होईल, ते सांगता येत नाही. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि माझं वय आता वाढत चाललं आहे. पण मे महिन्यात दोन्हीकडची नातवंडं येतात. आता एस.टी.ने नाही, आपापल्या गाड्यांनी. एक गाडी ताम्हिणीतून येते, एक गोवा महामार्गाने, आणि आल्या आल्या रस्ता कोणाचा जास्त खराब, यावर पहिलं भांडण होतं.

दुसरं भांडण आगरात. मुंबईच्या पैशांतली पोफळ उंच, की पुण्याच्या यादीतली? दरवर्षी मुलं टेप घेऊन मापतात आणि निकालासाठी मला हाक मारतात. मी काही सांगत नाही. खरं म्हणजे, लावताना ती सगळी रोपं मी एकाच ढिगातून उचलली होती.