सही करण्याआधी कागदाचं नाव विचारा

‘काय न्हाई आक्का, नुस्ता एक कागद हाय. हितं सही कर आन् चल, आंब्याची एसटी चुकंल.’ शाहूवाडीत कचेरीच्या कामाला आलेल्या बायकांना हे वाक्य नवं नाही. म्हणणारा बहुतेक वेळा भाऊ असतो, दीर असतो, कधी पोटचा मुलगाही असतो. त्याच्या मनात खोट असेलच असं नाही. पण ‘नुस्ता कागद’ नावाचा कागद कायद्यात नाही. प्रत्येक कागदाला नाव असतं, आणि त्या नावाप्रमाणे तुमच्या हातून काहीतरी जातं किंवा तुमच्याकडे काहीतरी येतं. दस्त लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी अनेक वर्षं बसल्यामुळे मला वाटतं, आपल्या बायकांना हे एवढं तरी माहीत हवंच.

दस्त हातात आला की आधी दोन शब्द शोधा: ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. तुमचं नाव ‘लिहून देणार’च्या पुढे असेल तर देणाऱ्या तुम्ही आहात, हे समजून घ्या. त्याखाली ‘कारणे अमुक दस्त लिहून देतो ऐसाजे’ अशी जुन्या वळणाची ओळ असते. त्या ‘अमुक’च्या जागी काय लिहिलंय ते वाचा. मग आतला मजकूर वाचा. कारण भांडण कोर्टात गेलं तर कोर्ट नुसतं मथळ्याकडे बघत नाही, आत काय ठरलंय ते बघतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो साठेखत आणि खरेदीखतात. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने जमीन तुमची होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे स्पष्ट आहे. मालकी बदलते ती नोंदणी केलेल्या खरेदीखताने. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र बांधले तरी त्यांचं खरेदीखत होत नाही. तरीही प्लॉट घेतला म्हणून पेढे वाटणाऱ्या घरात नुसतं नोटरी केलेलं साठेखत सापडतं. ‘नोटरी केलंय की!’ असं म्हणतात. नोटरी सही कुणाची ते पाहतो. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाकडे, सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची वा घराची खरेदी नोंदणीशिवाय पक्की होत नाही.

दुसरा फसवा कागद म्हणजे मुदत खरेदी. मुलीचं लग्न, दवाखाना, बोअर, कशासाठी तरी पैसे लागतात. सावकार म्हणतो, ‘वयनी, खरेदी माझ्या नावावर करा, पैसं फेडलं की परत देतो.’ परत देण्याची बोली तोंडी होते, नाहीतर वेगळ्या स्टॅम्पवर लिहिली जाते. इथेच गळ्यात फास पडतो. १९२९ पासून कायदा असा आहे, की परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण म्हणून मानता येतो. नाहीतर वरवर ती सरळ खरेदी ठरते. कर्जापोटी जमीन द्यायचीच असेल तर गहाणखत करा, नाहीतर अट त्याच कागदात लिहून घ्या. बिगरपरवाना सावकाराने जमीन बळकावली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.

आता हक्कसोडपत्र. आपल्या तालुक्यातल्या घराघरातून माणसं मुंबईला गेली, लेकी सासरी गेल्या, आणि गावची शेती भावाने सांभाळली. अशा बहिणीची आठवण कधी होते? महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेली आणि मोबदल्याच्या यादीत वारस म्हणून तिचं नाव निघालं की! २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

भावाला हक्क सोडावा की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. माहेरचा उंबरा कुणाला तुटायला नको असतो. सोडायचाच असेल तर समजून सोडा. दस्तात गट नंबर आणि क्षेत्र लिहिलंय का बघा. ‘व इतर सर्व मिळकती’ एवढे चार शब्द असले, तर एका गटासाठी केलेली सही घर-परड्यासकट सगळ्यावर पाणी सोडू शकते. मोबदला ठरला असेल तर तो आकडा दस्तात हवा. ‘विनामोबदला’ लिहिल्यावर ‘दादा देणार होता’ हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. आणि नोंदवलेलं हक्कसोड आपल्या मर्जीने मोडता येत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, तीही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत.

म्हाताऱ्या आया ‘घर पोराच्या नावावर केलं’ म्हणतात तेव्हा मी विचारते, मामी, बक्षीसपत्र केलंत की मृत्युपत्र? मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं आणि हयातीत कितीदाही बदलता येतं. नोंदणी ऐच्छिक, पण दोन साक्षीदार हवेतच. बक्षीसपत्र मात्र आजच लागू होतं, त्याची नोंदणी सक्तीची आणि ते सहजी परत घेता येत नाही. बक्षीसपत्रच करणार असाल तर ‘मुलाने सांभाळ करावा’ ही अट त्यात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ती अट मोडणाऱ्याचा दस्त रद्द करता येतो. अट लिहिलीच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर?

राहिला सातबारा. नाव चढलं म्हणजे मालकी पक्की आणि उतरलं म्हणजे हक्क गेला, हे दोन्ही खरं नाही. सातबारा हा महसुलाचा कागद. मालकीचा आधार मूळ दस्त किंवा वारसा. पण म्हणून दुर्लक्ष करू नका. फेरफार धरला की तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, संबंधितांना नोटीस द्यायची असते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. नोटिशीवर सही म्हणजे पोस्टाची पोच नव्हे. ती वाचा, आणि पटत नसेल तर लेखी हरकत देऊन शिक्क्याची पोच घ्या.

दस्त आदल्या दिवशी घरी मागा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातीकडून मोठ्यानं वाचून घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर सही नाही म्हणजे नाही. सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि नोंदणी झाली की इंडेक्स टू स्वतःच्या ट्रंकेत ठेवा. जुना दस्त हरवला तरी दुय्यम निबंधकाकडे फी भरून नक्कल मिळते. आणि कुणी घाई केली तर शांतपणे विचारा, ‘दादा, ह्या कागदाचं नाव काय?’ ज्याचं मन साफ आहे तो सांगेल. जो चिडेल, त्याच्या कागदावर त्या दिवशी तरी सही करू नका.